नानशुनला जाताना: रेशमाच्या कालवागावाची तयारी आणि पाहणी

मराठवाड्यातल्या माणसाला कालवा म्हटले की जायकवाडीचे आवर्तन कधी सुटणार, ते टोकापर्यंत पोहोचणार की नाही, हेच आठवते. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीची नहर तर जमिनीखालून वाहते आणि हौदात पडेपर्यंत दिसतही नाही. त्यामुळे चीनमधल्या कालव्याकाठच्या गावी जाण्यापूर्वी मनात एक दुरुस्ती करून घ्यावी लागते. यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या प्रदेशात कालवा हा पाटापेक्षा रस्ता म्हणून मोठा होता. माल, पाहुणे, लग्नाचे वऱ्हाड आणि करवसुलीचा अधिकारी हे सगळे पाण्यानेच येत. ही गोष्ट ध्यानात ठेवून पाहिले तरच तिथले पूल, पायऱ्या आणि घरांची तोंडे यांचा अर्थ लागतो, नाहीतर दोन दिवस फक्त फोटो काढण्यात जातात.

अशी गावे पुष्कळ आहेत. वुझेन सर्वांत प्रसिद्ध आणि नीटनेटके आहे, पण त्याच्या पश्चिम भागातल्या मूळ रहिवाशांना पुनर्विकासाच्या वेळी बाहेर हलवले गेले, त्यामुळे तिथे नाटकाच्या नेपथ्यात हिंडल्यासारखे वाटते. शांघायमध्ये एकच दिवस मोकळा असेल, तर मेट्रोच्या 17 क्रमांकाच्या मार्गाने चुच्याच्याओ गाठावे आणि 1571 साली बांधलेला पाच कमानींचा पूल पाहून संध्याकाळी परतावे. तीन दिवसांत चार गावे उरकणारी सहल मात्र घेऊ नये, कारण तिसऱ्या गावापासून सगळे पूल सारखे दिसू लागतात. एकच गाव निवडून तिथे किमान दोन रात्री राहणे चांगले. आमची निवड झेजियांग प्रांतातल्या हुचौ शहराच्या हद्दीतले नानशुन ही होती आणि तिचे कारण रेशीम. सोबत माझी बहीण आणि दाजी होते. दाजी अंबड तालुक्यात तुती लावतात आणि कोष जालन्याच्या बाजारात नेतात, त्यामुळे हा प्रवास पर्यटनापेक्षा शिवारफेरीच्या अंगाने जास्त झाला.

तयारीत पहिला क्रमांक व्हिसाचा. चीनने अनेक देशांच्या नागरिकांना दिलेली व्हिसामुक्त संक्रमणाची सवलत भारतीय पारपत्राला लागू नाही, म्हणून महाराष्ट्रातल्या अर्जदाराने मुंबईच्या चिनी व्हिसा केंद्रातून पर्यटक व्हिसा आधीच काढावा. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने गेल्यास सकाळी मुंबईत उतरता येते, पण गाडीला उशीर होऊ शकतो हे धरून केंद्रातली वेळ दुपारची घ्यावी. 2025 च्या ऑक्टोबरपासून भारत आणि चीन यांच्यात थेट विमाने पुन्हा सुरू झाली आहेत. तरीही बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे येणाऱ्या तिकिटांचे दर ताडून पाहावेत.

दुसरी तयारी मोबाइलची, आणि ती निघण्यापूर्वी घरीच करावी. चीनमध्ये गूगल आणि व्हॉट्सअॅप चालत नाहीत. भारतीय क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगवर ते बहुधा चालतात, हॉटेलच्या वायफायवर मात्र नाही. रोख पैसे कायद्याने स्वीकारावेच लागतात, पण भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडच पुढे करते आणि आपले यूपीआय तिथे उपयोगाचे नाही. अलीपे किंवा वीचॅट हे पैसे देण्याचे तिथले अॅप उतरवून त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्डचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले कार्ड जोडावे आणि त्याच वेळी पारपत्राची पडताळणी उरकावी, कारण बँकेचा ओटीपी तिथे पोहोचला नाही की जेवणाच्या टेबलावर बसून काहीही करता येत नाही. टॅक्सीही अलीपेमधूनच मागवता येते. हॉटेलचे नाव आणि पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवावा.

ऋतू निवडताना तिथल्या सुट्ट्या आधी बघाव्यात. वसंतोत्सव म्हणजे चिनी नववर्ष, मे महिन्याचा पहिला आठवडा आणि 1 ते 7 ऑक्टोबर या दिवसांत पुलावर पाय ठेवायला जागा नसते. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत आलुबुखार पिकण्याच्या वेळचा म्हणून ओळखला जाणारा पाऊस दिवसेंदिवस रिपरिपत राहतो. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या माणसाला पावसाची तक्रार करणे जिवावर येते, पण कपडे चार दिवस वाळत नाहीत हेही खरे. मार्चअखेर ते एप्रिल आणि ऑक्टोबरचा उत्तरार्ध हे चांगले दिवस. रेशीम अळ्यांचे संगोपन बघायचे असेल तर मे महिना धरावा.

शांघायच्या पुदोंग विमानतळावरून नानशुनची गाडी पकडण्यासाठी होंगच्याओ रेल्वे स्थानकाकडे मेट्रोचा 2 क्रमांकाचा मार्ग जातो, पण तो फार वेळ घेतो. त्यापेक्षा पुदोंग आणि होंगच्याओ या दोन्ही विमानतळांना जोडणारी जलद गाडी बरी. डिसेंबर 2024 मध्ये शांघाय-सुचौ-हुचौ हा जलदगती रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून नानशुनला स्वतःचे स्थानक मिळाले आहे. तिकीट पारपत्राच्या क्रमांकावर निघते आणि प्रवेशही त्यावरच मिळतो, म्हणून पारपत्र सामानाच्या तळाशी ठेवू नये.

गावात पोहोचल्यावर त्या दिवशी काहीच पाहू नये, फक्त कालव्याकाठी हिंडावे. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे उठून बायच्येनलौ गाठावे. कालव्याच्या वळणाबरोबर वळत गेलेली ही घरांची ओळ मिंग राजवटीच्या काळातली असून तिच्या नावाचा अर्थ शंभर खोल्यांची माडी असा आहे. घरांपुढे छताखालची पायवाट, घराघरांमध्ये आग पसरू नये म्हणून उंचावलेल्या भिंती आणि प्रत्येक दोन-चार दारांमागे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या अशी ही रचना आहे. या पायऱ्यांवर थोडा वेळ बसावे. काठाच्या दगडात नाव बांधण्यासाठी कोरलेली भोके दिसतात आणि त्यांच्या कडा दोरखंडाने घासून गुळगुळीत झालेल्या असतात. समोर एक आजीबाई पालेभाजीची जुडी पाण्यात हलवत होत्या, तेव्हा बहिणीला पैठणच्या घाटाची आठवण झाली. इथे लोक अजून राहतात, म्हणून उघड्या दारातून कॅमेरा आत रोखू नये. नऊनंतर सहलींचे गट येतात आणि भोंग्यांचा आवाज सुरू होतो. तोवर आपले पाहून झालेले असावे.

उरलेली सकाळ श्रीमंतांच्या वाड्यांना द्यावी. गावापासून सात ली, म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटरवरच्या जिली गावाचे रेशीम एकोणिसाव्या शतकात शांघाय बंदरातून परदेशी जाऊ लागले आणि नानशुनच्या दलालांच्या घरी अमाप पैसा आला. गावकऱ्यांनी या घराण्यांची प्रतवारीच लावली होती: चार हत्ती, आठ बैल आणि बहात्तर सोनेरी कुत्रे. ल्यू हे हत्तींपैकी एक घराणे. त्यांची कमळतळ्याची बाग 1885 मध्ये सुरू झाली, आणि शेजारचे जियायेतांग ग्रंथालय ल्यू छंगकान यांनी 1920 ते 1924 या काळात उभारले. चांग घराण्याच्या वाड्यात मात्र आतल्या चौकापर्यंत जावेच, कारण चिनी कोरीव दरवाजे ओलांडून आपण एकदम फ्रेंच फरशीच्या नृत्याच्या दालनात पोहोचतो. वेळ कमी असेल तर बाग सोडावी, वाडा सोडू नये.

रेशमाच्या संग्रहालयात दाजींनी नमुन्याचा एक कोष कानाशी धरून हलवला, आत खुळखुळ ऐकली आणि एवढा सारखा आकार आपल्याकडे एका बॅचमध्ये मिळत नाही, असे म्हणून तो दोनदा उलटून पाहिला. तिथून पुढे ते कोणत्याही पुलाकडे वळायला तयार नव्हते.

शाकाहारी माणसाने जेवणाबाबत सावध राहावे. दाजी माळकरी आहेत. एका खाणावळीत आम्ही भाज्यांचे नूडल्स मागवले, वर मांसाचा तुकडाही नव्हता, पण रस्सा हाडांचा होता आणि हे कळेपर्यंत अर्धा वाडगा संपला होता. त्यामुळे मांस, मासे, अंडी, प्राण्यांची चरबी आणि हाडांचा रस्सा चालत नाही, असे स्पष्ट वाक्य चिनी लिपीत लिहून ते आधी दाखवावे. नुसते शाकाहारी म्हणणे पुरत नाही. चहाची मात्र चंगळ आहे. भाजून धुरी दिलेले हिरवे सोयाबीन, तीळ आणि संत्र्याची साल घातलेला खारट चहा अर्धा प्यायचा आणि अर्धा चघळायचा असतो. तांदळाची गुलाबी वडीही घ्यावी. घरून कोरडी शेंगदाण्याची चटणी न्यावी. ताजी फळे, दुधाचे पदार्थ आणि बियाणे नेऊ नयेत, ते विमानतळावर काढून घेतात.

वल्ह्याच्या नावेची फेरी दिवे लागल्यावर करावी. भाडे बहुधा नावेमागे असते, म्हणून आणखी दोघे-तिघे जोडीला घ्यावेत.

तिसऱ्या दिवशी गाडी करून दिगांगला जावे, आणि शेतकऱ्याने तर हा दिवस चुकवूच नये. इथली तुतीचे बांध आणि मत्स्यतळी यांची जोडपद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2017 मध्ये जागतिक कृषी वारशात घेतली. बांधावर तुती असते, पाला अळ्यांना जातो, अळ्यांची विष्ठा तळ्यातल्या माशांना आणि तळ्याचा गाळ पुन्हा तुतीच्या मुळाशी. पाणथळ जमीन खणून तळे केले आणि निघालेल्या मातीचा बांध झाला, इतका साधा हिशेब आहे. दाजींनी शेततळ्याच्या कडेने दोन ओळी लावून बघायचे तिथेच ठरवले, पण आपल्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो आणि गाळ उपसताना तो फाटेल, ही अडचणही त्यांनीच काढली.

इथून तुतीची कलमे किंवा रेशीम अळ्यांचे अंडीपुंज पिशवीत टाकून आणण्याचा मोह होतो. परवान्याशिवाय ते भारतात आणता येत नाहीत आणि रोग आला तर शेजाऱ्याच्या शेडपर्यंत जातो, म्हणून फोटो आणि मोजमापे आणावीत. आम्ही बांधाची रुंदी पावलांनी मोजली, वहीत लिहिली आणि संध्याकाळच्या गाडीने शांघायला परतलो.