एसटीने वाई, सोबत वही

चित्र काढायला गाडी लागत नाही. मी स्वारगेटवरून सकाळची वाईची एसटी पकडते. १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत निम्मंच तिकीट आहे, त्यामुळे दिवसभराची चैन सहज परवडते.

सामान मांडीवर मावेल एवढंच: पोस्टकार्डाएवढी वही, ४बी (मऊ, गडद) पेन्सिल, एक काळं पेन, पाणी, डबा. रंग पहिल्यांदा नकोतच. चालत्या बसमध्ये बारकावे जमत नाहीत. थांब्यावर बस उभी राहिली की पुढच्यांच्या टोप्या, अंबाडे पटापट टिपायचे. हात मोकळा होतो.

वाईत थेट कृष्णेच्या घाटावर जा. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगावं म्हणून. ती नीट बघा, मग शिखर काढा. आधी मोठा आकार, लगेच सावल्या, कारण त्या सरकतात. पायऱ्या मोजत बसू नका, चार रेघा पुरतात. कपडे धुणाऱ्या बायकांना आधी विचारा. तासाभरात डोक्यातली ऑफिसची कटकट खरंच थांबते.

परतीच्या बसची वेळ उतरल्याउतरल्या चौकशी खिडकीवर विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.