"सर, काल रूमवर तर चालत होतं": सॉकेटच्या प्रॅक्टिकलमधल्या या चुका टाळा

"सर, काल रूमवर तर चालत होतं." सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोग्रामना नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायला लावायच्या प्रॅक्टिकलला हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पोट्ट्याने तोंड उघडायच्या आधीच मला समजते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात लॅब सांभाळतो मी, अन् खरं सांगतो, पोट्टं खोटं बोलत नसते. रूमवर चालतच असते. पण रूमवर उत्तर देणारा प्रोग्राम, सर्व्हरही त्याच लॅपटॉपवर अन् त्याला विचारणारा क्लायंटही त्याच लॅपटॉपवर, मधात नेटवर्क होतंच कुठं बाप्पा?

पहिली चूक तिथूनच. सर्व्हर १२७.०.०.१ ला, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या आतल्या पत्त्याला, बाइंड केला (बांधला) की तो फक्त त्याच मशीनमधल्या प्रोग्रामशी बोलतो, बाजूच्या टेबलावरचा लॅपटॉप त्याच्यापर्यंत पोचूच शकत नाही. सर्व्हरमध्ये ०.०.०.० लिहा, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐक, अन् क्लायंटमध्ये सर्व्हरच्या मशीनचा खरा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता). काही जण उलटं करतात, क्लायंटमध्ये ०.०.०.० टाकून बसतात.

त्यानंतरही जोडणी होत नसेल तर एरर नीट वाचा, अर्धं उत्तर तिथंच असते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे तुम्ही घरापर्यंत गेले, आतून कोणीतरी सांगितलं की नाही बा, असं कोणी इथं राहत नाही. मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या नंबरच्या दारावर) बहुतेक कोणी ऐकत नाहीये. सर्व्हर चालू आहे का, पोर्ट तोच आहे का ते पहा. 'टाइम्ड आउट' म्हणजे कडी वाजवून वाजवून हात दुखला अन् आतून आवाजच नाही. तेव्हा आयपी चुकला असतो नाहीतर विंडोजची फायरवॉल पॅकेट गिळून बसलेली असते. लिनक्सवर नुसतं कनेक्ट लावून सोडलं तर साधारण दोन मिनिटं वाट पाहून मग ते हार मानते, तोवर पोट्ट्याला वाटते प्रोग्राम हँग झाला अन् तो कोड बदलायला लागतो. कोडमध्ये काहीच चुकलेलं नसते.

गावी गेल्यावरची गोष्ट वेगळी. सर्व्हर गावातल्या लॅपटॉपवर, नेट मोबाइलचं, अन् मित्र नागपुरात बसून कनेक्ट करतोय, हे चालत नाही राजेहो. मोबाइल कंपन्या एकाच पब्लिक आयपीमागे पुष्कळ ग्राहक बसवतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या लॅपटॉपपर्यंत यायला रस्ताच नसतो. फोनच्या सेटिंगमध्ये आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या मधात दिसला तर समजून जा. टेस्टिंगसाठी दोन्ही लॅपटॉप एकाच फोनच्या हॉटस्पॉटला जोडा, बहुतेक फोनवर नेटपॅक संपलेला असला तरी हे चालते.

आता सगळ्यात जास्त मार्क खाणारी चूक. मागच्या बॅचच्या एका पोरीने बाजार समितीचे भाव दाखवणारा प्रोजेक्ट केला, सर्व्हर भाव पाठवणार, क्लायंट दाखवणार. इंग्रजीत चार ओळी पाठवल्या तर एकदम बरोबर. मग तिने कापूस, तूर, सोयाबीन अशी पूर्ण यादी मराठीत टाकली अन् प्रोग्राम युनिकोड डिकोड एरर देऊन आडवा. दोन दिवस ती फॉन्ट बदलत होती! फॉन्टचा काहून संबंध?

झालं असं की ती एका वेळी १०२४ बाइट वाचत होती अन् जेवढे आले तेवढे लगेच डिकोड करत होती, म्हणजे बाइटची परत अक्षरं बनवत होती. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं. सलग देवनागरी असली तर ३४१ चिन्हांचे झाले १०२३ बाइट, उरला १, म्हणजे पुढच्या चिन्हाचा नुसता तुकडा हातात आला. डिकोडर बिचारा काय करणार. अन् १०२४ च्या जागी मोठा आकडा टाकून हे सुटत नाही, कारण टीसीपीला (सॉकेटखाली डेटा पोचवणारी नेटवर्कची पद्धत) तुमचा 'मेसेज' माहीतच नसतो, त्याच्यासाठी सगळी बाइटची एक सलग धार आहे, पाटाच्या पाण्यासारखी. तुम्ही तीनदा पाठवलेलं एकदाच येऊ शकते, एकदा पाठवलेलं तीन तुकड्यांत येऊ शकते.

म्हणून आधी लांबी पाठवायची, मग मजकूर. तिने तेही करून पाहिलं, पण मजकुराची लांबी मोजली, बाइटची नाही. पायथॉनला 'कापूस' ची लांबी विचारली तर ५ सांगते, बाइट असतात १५. पलीकडे ५ बाइट वाचले गेले, म्हणजे 'क' अन् काना मधातच तुटलेला. आधी एनकोड करा (अक्षरांचे बाइट बनवा), मग बाइट मोजा, ती लांबी ठरलेल्या ४ बाइटमध्ये पाठवा, अन् पलीकडे तेवढे बाइट पूर्ण होईपर्यंत लूपमध्ये वाचत राहा, डिकोड सगळ्यात शेवटी. पाठवताना सेंडऑल वापरा, नुसतं सेंड कधीकधी अर्धंच पाठवून मोकळं होते. अन् वाचताना रिकामे बाइट आले तर समोरच्याने पाठवणं बंद केलं, लूपमधून बाहेर पडा. हे तपासलं नाही की लूप गरगर फिरते, लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायला लागला की मी दुरूनच ओळखतो.

किरकोळ चुका भराभर सांगतो. सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' येते, तर पोट्टे पोर्ट ५००० चा ५००१, मग ५००२ करत जातात अन् क्लायंटमध्ये जुनाच राहतो. लिनक्सवर रियूज अ‍ॅड्रेसचा ऑप्शन लावा, अन् तो बाइंडच्या आधी, नंतर लावून काही उपयोग नाही. सी मध्ये लिहिणाऱ्यांनी पोर्टला एचटॉन्स (आकड्याचे बाइट नेटवर्कच्या क्रमात लावणारं फंक्शन) लावायचं विसरू नका, नाहीतर ५००० म्हणता म्हणता सर्व्हर ३४८३५ वर जाऊन बसतो. अन् दुसरा क्लायंट कनेक्ट होतो पण उत्तर येत नाही असं झालं तर सर्व्हर पहिल्याच क्लायंटमध्ये अडकलाय. जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण, हँडशेक, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल करून ठेवते, म्हणून कनेक्ट झाल्यासारखं दिसते. प्रत्येक क्लायंटला वेगळा थ्रेड (सोबतच चालणारी वेगळी वाट) द्या.

शेवटची चूक आपल्याकडे लवकर सापडते, कारण आपल्याकडे लाइन जाते. क्लायंटचा डेस्कटॉप लाइनसोबत बंद पडला तर तो सर्व्हरला 'जातो' म्हणून सांगत नाही, अन् लॅपटॉपवरचा सर्व्हर बॅटरीवर तसाच वाट पाहत बसतो. टीसीपीचं कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा अजून आहे का ही विचारपूस, आपोआप चालू नसते, चालू केलं तरी लिनक्सवर पहिली विचारपूस ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. सॉकेटला टाइमआउट लावा अन् दर थोड्या वेळानं 'आहे का' विचारणारा छोटा मेसेज ठेवा.

आजकाल सबमिशनला मी कोड नंतर पाहतो. प्रोग्राम चालू असताना आधी नेटवर्कची केबल उपसतो अन् पोट्ट्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो.