लीगमध्ये नवा खेळाडू आला? सुरुवातीचं ॲव्हरेज ठरवताना या चुका टाळा

बोलिंग म्हणजे लेनवर बॉल टाकून दहा पिना पाडायचा खेळ. त्याच्या लीगमध्ये कमी स्कोअरच्या खेळाडूला बरोबरीसाठी ज्या जादा पिना मिळतात तो हँडिकॅप, आणि अशी लीग खेळाडूच्या ॲव्हरेजवर, म्हणजे गेममागच्या सरासरी स्कोअरवर चालते. तो आकडा चुकला की हँडिकॅप चुकतो, हँडिकॅप चुकला की टीमचा टोटल चुकतो, आणि मग सीझनभर भांडणं. जुन्या खेळाडूचं ॲव्हरेज आपोआप जागेवर येतं, कारण त्याच्या मागे भरपूर गेम असतात. खरा घोळ नव्या माणसाचा. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांच्या आणि काही सोसायट्यांच्या लीगचे हिशेब बरीच वर्षं सांभाळतोय, आणि दर सीझनच्या सुरुवातीला त्याच त्या चुका नव्याने बघतोय. त्या इथे एकदाच लिहून ठेवतो.

आधी हिशेब. आमच्याकडे बेस २०० आणि टक्केवारी ९०. म्हणजे २०० मधून ॲव्हरेज वजा करायचं, उरेल त्याचे ९० टक्के, तो हँडिकॅप. १३० ॲव्हरेजवाल्याला ७० चे ९० टक्के, म्हणजे गेममागे ६३ पिना. काही लीग २०० चे ८० टक्के घेतात, काही २२० चे ९०. कुठलंही घ्या, पण सीझन सुरू होण्याआधी लिहून घ्या.

तोंडी सांगितलेलं ॲव्हरेज लिहून घेणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. नवा माणूस येतो, कॅप्टन विचारतो, ‘किती मारतोस?’ तो म्हणतो, ‘दीडशे.’ त्याने कधीतरी एकदा दीडशे मारलेले असतात आणि तो दिवस त्याच्या लक्षात असतो. बाकीच्या ९५, १०८, ११२ च्या गेम विसरलेल्या असतात. यात लबाडी नसते, पण हँडिकॅप कमी मिळतो आणि बिचारा महिनाभर स्वतःच्याच टीमला खाली ओढतो.

उलटा प्रकार जास्त वाईट. नगर रोडच्या बाजूला चालणाऱ्या एका लीगमध्ये शेवटच्या आठवड्यांत वाद पेटला आणि मला हिशेब तपासायला बोलावलं. सीझनच्या मध्यावर एका टीममध्ये नवा मुलगा आला होता. कॅप्टनने हिशेब ठेवणाऱ्याला सांगितलं, ‘दादा, हा कधीतरीच खेळतो, शंभर धरा ना.’ दादांनी शंभर धरले. झाला ९० पिनांचा हँडिकॅप. त्या रात्री मुलाने मारले १५८, १७१ आणि १४९. एकूण ४७८. त्यात तीन गेमचा २७० हँडिकॅप मिळवला की ७४८. चारजणांच्या टीममध्ये एकट्याचे ७४८ म्हणजे समोरच्यांनी काय करायचं? त्या रात्रीच्या गेमवरून ॲव्हरेज काढलं असतं तर ते १५९ आलं असतं, हँडिकॅप ३६ आणि त्याचा टोटल ५८६. फरक १६२ पिनांचा. ती टीम ती मॅच ७० पिनांनी जिंकली होती, आणि त्याच गुणांवर पुढे फायनलला गेली.

त्या मुलाची काही चूक नव्हती, त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. कॅप्टन म्हणत राहिला की मी अंदाज सांगितला. दादा म्हणत राहिले की नियमात काही लिहिलेलं नाही, मग मी काय करणार. दादांचं म्हणणं खरं होतं. नियमात ओळ नव्हती, त्यामुळे निकाल बदलता येईना. हरलेल्या टीममधल्या दोघांनी पुढच्या सीझनला नावच दिलं नाही. चांगले खेळाडू होते.

उपाय सोपा आहे आणि जगभरच्या लीगमध्ये रुळलेला आहे: ज्याच्या मागे नोंद नाही, त्याचं ॲव्हरेज त्याच्या पहिल्या रात्रीच्या तीन गेमवरून काढायचं, आणि त्यातून येणारा हँडिकॅप त्याच तीन गेमना मागे जाऊन लावायचा. समजा ११२, १४७, १३१. एकूण ३९०, भागिले तीन, १३०. हँडिकॅप ६३, तिन्ही गेमचा १८९, टोटल ५७९. अंदाजाला जागाच राहत नाही.

अडचण एवढीच की शेवटचा बॉल पडेपर्यंत त्या टीमचा पक्का टोटल कळत नाही, आणि हेच लोकांना सहन होत नाही. दुसऱ्या गेमनंतरच व्हॉट्सॲपवर विचारणा सुरू: ‘आपण पुढे आहोत का?’ मी उत्तर देत नाही. नवा खेळाडू असलेल्या मॅचचा निकाल मी रात्री घरी जाऊन, आकडे दोनदा बेरीज करूनच ग्रुपवर टाकतो. ज्यांना दहा मिनिटंही थांबवत नाही त्यांच्या सोयीसाठी नियम वाकवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

मौजेच्या खेळातले स्कोअर ग्राह्य धरणं

‘तोंडी नको ना, मग हे घ्या,’ म्हणून लोक मोबाइलमध्ये काढलेला स्क्रीनचा फोटो दाखवतात. त्या फोटोत काय दिसत नाही ते सांगतो. लेनच्या कडेच्या गटरवर (त्यात बॉल गेला की वाया) बंपर, म्हणजे बॉल अडवणारे कठडे, लावलेले होते का, ते दिसत नाही. पाचव्या फ्रेमला (एका गेममध्ये दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या) फोन आला म्हणून भाच्याने त्याच्या नावावर दोन बॉल टाकले, ते दिसत नाही. बॉल टाकताना जिच्या पुढे पाय जाऊ नये ती फाउल लाइन ओलांडली तरी कुणी मोजलं नाही, हेही दिसत नाही. मॉलमधल्या लेनवर शनिवारी संध्याकाळी वाढदिवसाच्या गर्दीत मारलेले १६० आणि लीगच्या रात्री समोर कुणीतरी उभं असताना मारलेले १६० एक नव्हेत.

लेन बदलली की आकडाही बदलतो. आता बऱ्याच ठिकाणी दोरीला बांधलेल्या पिना आल्या आहेत. त्या सुट्या पिनांसारख्या पडत नाहीत. अमेरिकेत बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने, म्हणजे यूएसबीसीने, २०२३ मध्ये दोरीच्या पिनांच्या खेळाला वेगळा प्रकार म्हणूनच मान्यता दिली. त्यांच्या चाचण्यांत दोरीच्या पिनांवर स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) कमी पडले आणि ॲव्हरेजही खाली आलं. तेव्हा एका प्रकारच्या लेनवरचं ॲव्हरेज दुसऱ्या प्रकारच्या लीगमध्ये जसंच्या तसं उचलू नका.

ग्राह्य धरायचं ते फक्त दुसऱ्या लीगचं लेखी ॲव्हरेज, तेही पुरेशा गेमचं. यूएसबीसी सीझनचं अधिकृत ॲव्हरेज धरताना किमान २१ गेमची अट घालते. तीन गेमच्या सात रात्री. मला ही अट फार पटते. दोन लीगची ॲव्हरेज असतील तर मी जास्त असलेलं घेतो. कुरकुर होते, पण तक्रार येत नाही.

ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढणं

इंजिनिअर लोकसुद्धा हे करतात, म्हणून जास्त त्रास होतो. नवी खेळाडू पहिल्या आठवड्यात तीन गेम खेळली, ३९० पिना, ॲव्हरेज १३०. दुसऱ्या आठवड्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, पहिला गेम हुकला, दोनच खेळली: १४० आणि १६०, ॲव्हरेज १५०. कुणीतरी १३० आणि १५० ची बेरीज करून दोनाने भागतं आणि १४० लिहितं. चूक. एकूण पिना ६९०, एकूण गेम ५, ॲव्हरेज १३८. नव्या माणसाचे गेम थोडे असतात, म्हणून हा फरक त्यालाच सगळ्यात जास्त बसतो.

माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोनच रकाने हाताने भरलेले असतात: एकूण पिना आणि एकूण गेम. ॲव्हरेज मी कधीच पुढे ओढत नाही, दर वेळी नव्याने भागाकार करतो. एक्सेल वापरणाऱ्यांनीही हेच करावं.

आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. ४१६ भागिले ३ म्हणजे १३८.६६, ॲव्हरेज १३८. एक्सेलमध्ये ‘राउंड’ लावलं की १३९ होतं; तिथे ‘इंट’ लावा. हँडिकॅपचाही अपूर्णांक सोडायचा. १३८ वर हँडिकॅप ५५ येतो, १३९ वर ५४. ‘एका पिनने काय होतं’ म्हणणाऱ्यांनी चारजणांच्या टीममध्ये तीन गेमचा हिशेब करून बघावा: १२ पिना. याहून कमी फरकाने मॅच गेलेल्या मी बघितल्या आहेत.

आणलेलं ॲव्हरेज चालू सीझनमध्ये मिसळणं

मागच्या लीगमधून १४५ घेऊन आलेल्या माणसाचे १४५ म्हणजे तीन खेळलेले गेम नव्हेत. ते ठरलेल्या मुदतीपुरतं चालवायचं. आमच्याकडे नऊ गेमपर्यंत. दहाव्या गेमपासून फक्त या सीझनच्या पिना.

पहिल्या रात्री मुद्दाम कमी मारणं

पहिल्याच रात्रीवरून ॲव्हरेज ठरतं हे कळलं की कुणीतरी शहाणा दहाव्या फ्रेमला सरळ गटरमध्ये बॉल सोडतो. मुद्दाम ॲव्हरेज खाली ठेवणं यूएसबीसीच्या नियमांत गैरप्रकार धरलं जातं आणि त्यासाठी निलंबनही होऊ शकतं. आपल्या लीगमध्ये तितकं करायची वेळ येऊ नये, पण नियमपत्रात एक ओळ हवीच: पहिल्या नऊ गेमनंतर समिती नव्या खेळाडूचं ॲव्हरेज तपासेल आणि गरज वाटल्यास वाढवेल. फक्त वाढवेल. कमी करण्याचा अधिकार दिलात की रडगाण्यांची रांग लागते.

मी फ्रेमवार शीट बघतो. खरा नवशिक्या सगळीकडेच चुकतो. मुद्दाम कमी मारणारा पहिल्या बॉलला सात-आठ पाडतो आणि सोपे स्पेअर (उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडणं) तेवढे सोडतो. दोन-तीन शीट शेजारी ठेवल्या की कळतं.

काही किरकोळ, पण नेहमीच्या

बाई आहे म्हणून डोळे झाकून ९० लिहिणं. हे अपमानास्पद आहे आणि हिशेबानेही चूक आहे.

बेसच्या वर ॲव्हरेज असलेल्याला उणे हँडिकॅप लावणं. नियमात लिहिलं नसेल तर त्याला शून्य.

सीझनच्या मध्यावर टक्केवारी बदलणं. कितीही आग्रह झाला तरी नाही.

गैरहजर नव्या खेळाडूला ‘ॲव्हरेज वजा दहा’ देणं. ज्याने एकही गेम खेळला नाही त्याला ॲव्हरेजच नाही, मग दहा कशातून वजा करणार? तिथे रिकाम्या जागेसाठी लीगने ठरवलेला स्कोअर लावा, आणि तो आकडा आधीच ठरवून ठेवा.

उशिरा आलेल्यांसाठी वेगळा नियम करणं

सीझन अर्धा झाल्यावर आलेल्या माणसालाही तोच नियम: पहिल्या रात्रीचे तीन गेम, मागे जाऊन हँडिकॅप. फरक करायचाच असेल तर फायनलच्या पात्रतेत करा. आमच्याकडे नऊ गेम पूर्ण नसतील तर फायनलला उभं राहता येत नाही, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत नवं नाव घेतलं जात नाही. कॅप्टन लोक त्या आठवड्यांतच कुणीतरी ‘साधारण खेळणारा’ मित्र घेऊन येतात. त्याला आम्ही लेन देतो, बूट देतो, खेळू देतो. शीटवर त्याचं नाव चढत नाही.