तुरुंगातून सुटणाऱ्या बाईची तयारी: सोबत करणाऱ्यांसाठी

सुटकेची तारीख कळली की तयारीला लागा. जमलं तर तीन महिने आधी. ‘बाहेर आल्यावर बघू’ म्हटलं की पहिली रात्र काढायला जागा नसते, आणि जिथे मार खाल्ला त्याच घरी तिला परत जावं लागतं.

म्हणून आधी निवारा. ‘ये की आमच्याकडे’ एवढ्यावर विसंबू नका. किती दिवस राहता येईल, घरात आणखी कोण असतं, किल्ली तिच्या हातात मिळेल का, हे स्पष्ट विचारून घ्या. जिथे मारहाण झाली ते घर फुकट मिळत असलं तरी नको. आणखी एक पत्ता हाताशी ठेवाच.

सुटकेचा दाखला, ओळखपत्र, जमा सामानाची पावती, कामाच्या मजुरीचा हिशेब आणि वैद्यकीय कागद ती आत असतानाच मागून घ्या. सगळीकडे नाव आणि जन्मतारीख तंतोतंत एकच आहे ना, ते पडताळा. एका अक्षराच्या फरकाने बँकेचं खातं अडतं, मग पगार नातेवाइकाच्या खात्यात जातो आणि कमाई तिची असूनही हात पसरायची वेळ येते. कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांत (नियम १०८) सुटणाऱ्याला कागदपत्रं, हवामानाला साजेसे कपडे आणि प्रवासापुरते पैसे मिळावेत असं म्हटलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्याच, स्त्री कैद्यांसाठीच्या २०१०च्या बँकॉक नियमांत स्त्रियांना सुटकेनंतर द्यायच्या मदतीचा वेगळा उल्लेख आहे. हे बंधनकारक कायदे नाहीत, तरी अर्जात त्यांचा हवाला जरूर द्या.

औषधं निदान दोन आठवड्यांची सोबत हवीत. अमली पदार्थांची सवय होती, तर सुटकेनंतरचे हेच पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. आत असताना शरीराची सहनशक्ती घटलेली असते; पूर्वी पचणारा डोस आता जीव घेऊ शकतो. हे तिला आणि घरच्यांना आडपडदा न ठेवता सांगा.

मुलांच्या बाबतीत घाई नको. ताब्याबद्दल कोर्टाचा आदेश आहे का, ते आधी पाहा. मूल तिला ओळख देणार नाही, ज्यांनी सांभाळलं त्यांच्यामागे लपेल. त्याला वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी तासभर भेट पुरे.

सुटकेनंतर पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात हजेरीची अट असेल तर तारखा एका कागदावर लिहून द्या. कामाच्या वेळेत हजेरी येत असेल तर आधीच लेखी परवानगी घ्या. चुकल्यावर सांगितलेलं कारण मानलं जाईलच असं नाही. नोकरीच्या मुलाखतीत शिक्षेबद्दल विचारलं तर दोन वाक्यांचं खरं उत्तर तिच्या तोंडी बसलेलं असू द्या.