घरच्या घरी सायकलचं वजन कसं करावं

सायकल हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, आकडा बघा, सायकल ठेवून पुन्हा उभं राहा, वजाबाकी करा. घरी सायकलचं वजन कसं करायचं असं कुणालाही विचारा, हेच उत्तर येतं. मीही सुरुवातीची दोन वर्षं असंच करत होते. आता कुणी हा सल्ला देताना ऐकलं की मी मध्येच थांबवते. ढोबळ वजन त्यातून कळतं, म्हणजे सायकल बारा किलोची की पंधराची एवढं. पण टायर बदलले, कॅरिअर काढलं, नवे पेडल बसवले आणि काय फरक पडला ते बघायचं असेल, तर हा मार्ग धडधडीत फसवतो. कसा फसवतो ते खाली सांगते, कारण माझे तीन महिने त्यात गेले.

उचलता येते अशी सायकल कुठल्याही जातीची असो, घरच्या वजनासाठी योग्य वस्तू एकच: प्रवासाच्या बॅगा तोलायला मिळतो तो हुकाचा डिजिटल काटा. दुकानात ‘लगेज स्केल’ म्हणून मागा. पन्नास किलोपर्यंतचा आणि दहा ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा पुरतो. रद्दीवाल्याकडे असायचा तसला स्प्रिंगचा काटा घेऊ नका. त्याच्या पट्टीवरच्या दोन रेघांमध्येच तुमच्या नव्या टायरचा सगळा फायदा बुडून जातो. स्वयंपाकघरातला काटा सुट्या भागांसाठी उत्तम, अख्ख्या सायकलसाठी नाही.

आधी काय तोलायचं ते ठरवा. बाटली, दिवे, पंप, सीटखालची पिशवी, कुलूप काढा. चिखल धुवा. स्टँड, कॅरिअर आणि मडगार्ड ठेवायचे की काढायचे हे तुमच्यावर, पण जे ठरेल ते वहीत लिहा: ‘पेडलसह, बाटलीविना, स्टँडसह’. पेडलचा उल्लेख तर हवाच. कंपन्या पुष्कळदा पेडलशिवायचं वजन छापतात आणि तेही मधल्या मापाच्या फ्रेमचं. जोडीचे साधे पेडल तीनशे-चारशे ग्रॅम सहज भरतात. कंपनीने सांगितलं त्यापेक्षा आपली सायकल जड निघाली म्हणून हिरमुसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या सायकलमध्ये काही खोट नव्हती, तुलनाच चुकीची होती.

धुतलेली सायकल लगेच तोलू नका. एका पावसाळ्यानंतर माझी सायकल नेहमीपेक्षा जवळजवळ पावशेर जास्त भरायला लागली. काटा बदलून पाहिला, दोरी बदलून पाहिली, आकडा तोच. शेवटी सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, काढून सायकल उलटी धरली, तर फ्रेमच्या नळीतून गढूळ, तांबूस पाणी अंगणात सांडलं, चहाचा मोठा कप भरेल एवढं. पाणी सीटपोस्टच्या कडेने आत झिरपतं आणि खाली क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या, नळीपाशी साठतं. बऱ्याच फ्रेमला तिथे खालून बारीक भोक असतं, ते मातीने बुजलेलं होतं. लोखंडी फ्रेम असेल तर वजनाचं राहू द्या, आतला गंज थांबवण्यासाठी तरी हे भोक सुईने मोकळं करा.

आता उभं राहायच्या काट्याची गोष्ट. माझं वजन ६१.२ किलो, सायकलसकट ७४.६, म्हणजे सायकल १३.४ किलो. मग मी दोन्ही टायर बदलले. जुने टायर प्रत्येकी ७८० ग्रॅमचे, नवे ६१० चे, हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललेलं. म्हणजे ३४० ग्रॅम कमी व्हायला हवेत. काट्यावर चढले, आकडा ७४.६. उतरले, चढले, पुन्हा ७४.६. मला वाटलं टायरचं माप चुकलं असेल. पुढच्या महिन्यात स्टँड काढला, तरी ७४.६. हातात पाण्याने भरलेला पेला घेऊन चढले तेव्हा लक्षात आलं, कारण आकडा तेव्हाही हलला नाही.

बऱ्याच डिजिटल काट्यांना आधीचा आकडा लक्षात ठेवायची सोय दिलेली असते. नवं वजन जुन्याच्या अगदी जवळचं असेल तर काटा नवा आकडा दाखवतच नाही, जुनाच पुन्हा दाखवतो. लागोपाठ वजन करणाऱ्या माणसाला दर वेळी शंभर-दोनशे ग्रॅमने वेगळा आकडा दिसू नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि सायकलवाल्याला नेमका तोच शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक हवा असतो. तुमच्याकडे हुकाचा काटा नसेल आणि याच काट्यावर काम भागवायचं असेल, तर दर मोजणीच्या मध्ये भलतंच वजन चढवा. मी पाच किलोची कणकेची पिशवी उचलून एकदा चढते, मग ती ठेवून सायकल घेते. असं केल्यावर माझा आकडा ७४.६ वरून खाली उतरला. काटा सपाट, टणक जागी ठेवा. शहाबादी फरशीच्या सांध्यावर किंवा सतरंजीवर ठेवलात तर तो वेगळंच सांगेल. एवढं करूनही हाती येतं ते शंभर ग्रॅमच्या टप्प्यातलं, दोन आकड्यांच्या वजाबाकीतून, म्हणजे दोन्हीकडच्या चुका पोटात घेऊन. म्हणूनच म्हणते, हुकाचा काटा घ्या.

पण हुकाचा काटा घेतला म्हणजे झालं असंही नाही. तो खरं बोलतो का ते आधी तपासा. ही पायरी सगळे गाळतात, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह याच पायरीसाठी आहे.

झाकण घट्ट बसणारा दहा लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घ्या, पाण्याने भरा, झाकणावरून चिकटपट्टी गुंडाळा. तो ओळखीच्या वाण्याकडे न्या आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. त्याचा काटा वैधमापनशास्त्र विभागाच्या शिक्क्याचा असतो, तुमचा नसतो. गिऱ्हाईक नसताना गेलात तर कुणी नाही म्हणत नाही. आलेला आकडा कॅनवर मार्करने लिहा. माझ्या कॅनवर १०.२४० लिहिलेलं आहे. आता घरी येऊन हाच कॅन हुकाच्या काट्याला लावा. माझा काटा १०.३१ दाखवतो, म्हणजे सत्तर ग्रॅम वाढवून सांगतो. त्यामुळे सायकल १२.९० दाखवली तर मी १२.८१ धरते: दाखवलेल्या आकड्याला १०.२४ ने गुणायचं आणि १०.३१ ने भागायचं. व्यायामशाळेतल्या दहा किलोच्या चकतीवर भरवसा ठेवू नका. ओतीव लोखंडाच्या स्वस्त चकत्यांवर छापलेलं वजन आणि खरं वजन यांत बराच फरक निघतो. गॅसचा सिलिंडर वापरा असंही मला एकाने सुचवलं होतं. रिकाम्या टाकीचं वजन त्यावर रंगवलेलं असतं हे खरं, पण ‘रिकाम्या’ टाकीत किती गॅस उरलाय ते कुणाला ठाऊक? पाण्याचा कॅनच बरा.

पुढचं काम टांगण्याचं. सगळ्यात चांगली जागा म्हणजे छतातली पाळण्याची किंवा झोपाळ्याची कडी. जुन्या घरात ती असतेच, नव्या फ्लॅटमध्येही हौसेने ठेवलेली आढळते. पंख्याच्या हुकाला हात लावू नका. कडी नसेल तर दाराच्या चौकटीत बसणारा व्यायामाचा दांडा चालतो, मात्र तो आधी स्वतः लोंबून पाहा. काटा एका हातात उंच धरून दुसऱ्याने आकडा वाचायचा, हे करू नका. बारा किलो उचललेला हात थरथरतो आणि काटा ती थरथरच मोजत बसतो.

काटा कडीला लावा आणि त्याच्या हुकात नायलॉनचा रुंद पट्टा किंवा दुहेरी दोरी अडकवा. सुतळी नको, आणि जुन्या ट्यूबचा तुकडाही नको, रबरावर सायकल वरखाली झुलत राहते. पट्टा हुकाच्या अगदी तळाशी, खोबणीत बसायला हवा. तो हुकाच्या टोकाकडे सरकला तर काटा तिरका ओढला जातो, आणि स्वस्त काट्यांना तिरकी ओढ सोसत नाही. पट्टा लावल्यावर मगच काटा सुरू करा, म्हणजे पट्ट्याचं वजन धरून तो शून्यापासून सुरुवात करेल. पडद्यावर ‘किलो’ आहे ना, ते बघा. या काट्यांवर किलो, पौंड, औंस आणि शिवाय अर्ध्या किलोचं चिनी ‘जिन’ असं सगळं एकाच बटणावर फिरत असतं. सायकलचा आकडा अचानक दुप्पट दिसला तर सायकल जड झालेली नसते, बटण दाबलं गेलेलं असतं.

सायकल कुठून लटकवायची यावर मी लोकांना हिरीरीने भांडताना ऐकलं आहे. वरच्या आडव्या नळीच्या बरोबर मध्यावर पट्टा हवा, नाहीतर वजन चुकतं, असं म्हणतात. हे खोटं आहे. सायकल आडवी लटकली, तिरपी लटकली, सीटच्या टोकावरून उभी लटकली, वजन तेच भरतं. वजन बदलतं ते एकाच कारणाने: सायकल दुसऱ्या कशालातरी टेकली तर. खाली लोंबणारं चाक फरशीला, हँडलचं टोक भिंतीला, पेडल दाराच्या चौकटीला. नुसतं टेकलंय असं वाटतं, पण तेवढ्या टेकण्यात पाव-अर्धा किलो सहज जातो. वजन करताना चारही बाजूंनी हात फिरवून बघा, डोळ्यांवर विसंबू नका. पुढचं चाक सैल सोडलं तर हँडल गरकन वळतं आणि सायकल गोल फिरते, म्हणून चाक आणि खालची नळी एका चिंधीने बांधून टाका.

मी स्वतः आडव्या नळीला पट्टा घालते, कारण उचलून अडकवायला तेच सोपं. कार्बनची फ्रेम असेल तर धातूचा हुक नळीला थेट लावायचाच नाही, रुंद पट्टाच हवा. आडवी नळी नसलेल्या लेडीज सायकलला एक दोरी सीटखालच्या सळ्यांना आणि दुसरी हँडलच्या मानेला बांधून दोन्ही एकाच हुकात घ्या.

आता सायकल पट्ट्यात अडकवून हळूहळू सोडा. एकदम सोडली तर ती झुलते, आणि हे काटे झुलतं वजन फार वेळ सहन करत नाहीत. बीप वाजते आणि मधलाच कुठलातरी आकडा पडद्यावर गोठतो. गोठलेला आकडा म्हणजे बरोबर आकडा, असा समज करून घेऊ नका. दोन हातांनी सायकल थांबवा, हात अलगद काढा, मग बीप होऊ द्या. सायकल काढा, काटा शून्यावर आणा, पुन्हा अडकवा. असं तीनदा. मला १२.९०, १२.८९, १२.९० असे आकडे मिळाले की मी समाधानी असते. तिन्हींत शंभर ग्रॅमचा फरक असेल तर काहीतरी टेकतंय किंवा झुलतंय, पुन्हा बघा. सरासरी काढून चूक झाकू नका.

उचलता येत नाही अशी जड सायकल किंवा बॅटरीची सायकल असेल तर एकेका चाकाखाली उभं राहायचा काटा ठेवा. दुसऱ्या चाकाखाली काट्याएवढ्याच उंचीची वर्तमानपत्रं रचा, म्हणजे सायकल समपातळीत राहील. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे वजन. कुणीतरी सीटला दोन बोटांनी आधार द्यायचा, पकडायचं नाही. हलक्या सायकलला ही पद्धत वापरू नका. पुढच्या चाकावर जेमतेम पाच किलो येतात आणि तेवढ्याने कित्येक काटे जागेच होत नाहीत.

किती बारकाईने मोजायचं? आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलला ६.८ किलोची किमान मर्यादा घातली आहे, तिथे ग्रॅम मोजणं समजू शकतं. आपल्याकडे हिशोब असा: ६५ किलोचा माणूस आणि १२ किलोची सायकल मिळून ७७ किलो सिंहगडाच्या घाटात वर न्यायचे असतील, तर एक किलो कमी करून सव्वा टक्का वाचतो. तासाभराच्या चढात साधारण पाऊण मिनिट. म्हणून दहा ग्रॅमवर जीव टाकू नका. पण जो आकडा वहीत लिहाल तो तपासलेल्या काट्यावरचा असू द्या, आणि तपासला नसेल तर १२.८९ लिहू नका, ‘तेराच्या आसपास’ लिहा.

वजन झालं की काट्यातली चपटी बॅटरी काढून ठेवा. ती आत राहिली की हळूहळू उतरते आणि उतरत आलेल्या बॅटरीवर काटा आकडे भलतेच दाखवू शकतो. काटा गॅलरीत लोंबता ठेवू नका, दमट हवेत हूक गंजतो. पाण्याचा कॅन झाकून सावलीत ठेवा, वर्षातून एकदा वाण्याकडे पुन्हा तोलून आणा, आणि पुढच्या वेळी काटा कडीला लावला की सायकलच्या आधी त्याला कॅन अडकवा.