अंगणातला नळ खोलण्याआधी

वायसर आणायला धावण्याआधी नळ गळतो कुठून ते बघा. नळ फडक्यानं कोरडा पुसून बंद करा आणि दोन मिनिटं थांबा. तोटीतून थेंब पडला तर आतलं वायसर गेलंय किंवा ते जिथं टेकतं ती पितळी कडा खराब झालीय. नळ चालू असताना मुठीखालून पाणी झिरपत असेल तर वायसर बदलून काही उपयोग नाही. तिथं ग्लँडचं पॅकिंग, म्हणजे मुठीच्या दांड्याभोवतीची भर, ढिलं झालेलं असतं आणि मुठीखालचा लहान नट जरासा आवळला की बहुतेक वेळा भागतं. भिंतीलगत ओल दिसली तर आट्यांवरची टेप गेली. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात वायसर नसतं, कार्ट्रिज नावाचा आतला जोडभाग असतो. तो अख्खाच बदलायचा. प्लास्टिकचा नळ असेल तर खोलत बसू नका, नवा आणा.

सेकंदाला एक थेंब आणि चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला साडेएकवीस लिटर होतात. मे महिन्यात बेळगावात शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी लोक रोज विचारतात, तेव्हा हा हिशेब आठवतो.

आता पाणी कुठून बंद होतं ते शोधा. नळ थेट लाइनवर असेल तर तो पाणी सुटतं तेवढ्या वेळापुरताच गळतो. ती वेळ टळली की काम करा. टाकीवरचा असेल तर गेट व्हॉल्व आदल्या दिवशीच फिरवून बघा. वर्षानुवर्षं हात न लागलेला व्हॉल्व एक तर जाम असतो, नाहीतर गोल गोल फिरतो आणि पाणी मात्र चालूच. अशा वेळी टाकी रिकामी होऊ द्यावी. आतल्या भोकात फडकं कोंबायचंच असेल तर त्याला सुतळी बांधून तिचं टोक टाकीबाहेर ठेवा, नाहीतर फडकं पाइपात ओढलं जातं.

पाने (स्पॅनर) दोन लागतात, एक नव्हे. एकानं नळाचं अंग धरायचं, दुसऱ्यानं वरचा नट फिरवायचा. एकाच पान्यावर जोर लावला की अख्खा नळच फिरतो. जुना जीआय (लोखंडी) पाइप असेल तर गंजलेले आटे आत मोडून राहतात, सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) असेल तर एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, तडकतो, आणि जुन्या चिऱ्याच्या भिंतीत नळाभोवतीचं प्लास्टर सुटतं. मग दहा मिनिटांचं काम भिंत फोडण्यावर जातं. पितळेवर ओरखडे नकोत म्हणून पान्याच्या जबड्यात जुनं कापड घाला.

बाकी सामान थोडंच: टेफ्लॉन टेपचं एक रीळ, स्क्रू ड्रायव्हर, बादली, जुना टूथब्रश, आणि अर्धा इंची प्लग. हा प्लग बहुतेक जण विसरतात. नळ काढला, नवा बसेना, दुकान बंद, असं झालं तर पाइपच्या तोंडाला प्लग लावून घरचं पाणी चालू करता येतं.

वायसर नुसतं ‘अर्धा इंची’ म्हणून मागू नका. जुनं काढून खिशात घालून न्या, कारण जाडी आणि मधलं भोक वेगवेगळं निघतं. खेड्यातून खानापूर-निपाणीला जाणार असाल तर दोन-तीन जास्तच आणा. काउंटरवर कुणी कन्नडमध्ये ‘नल्ली’ म्हणालं तर ते नळाबद्दलच बोलताहेत. अख्खा नळ घ्यायचा असेल तर खाली घागर मावते का बघून लाँग बॉडी की शॉर्ट ते ठरवा, आणि बागेचा पाइप लावणार असाल तर नोझलवाला मागा.

वरचा नट सैल करण्याआधी मूठ अर्धा फेरा उघडी ठेवा. परत आवळतानाही तशीच. बंद ठेवून आवळलं तर नवं वायसर कडेवर दाबलं जाऊन पहिल्याच दिवशी कापतं. वायसर घालण्याआधी कडेवर बोट फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय, आणि कितीही वायसरं बदला, नळ गळणारच. त्या कडेला प्लंबरकडून कटर मारून घ्यावा लागतो. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर लिंबू चोळून ब्रशनं घासा.

टेप पहिला आटा सोडून, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा, दहा-बारा वेढे, ताणून. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून येते.

पाणी हळू सोडा आणि पहिलं बादलीत जाऊ द्या. पावसाळ्यात त्यात रेती येते. तोच कण वायसराखाली अडकला की थेंब पुन्हा सुरू होतो. तसं झालं तर मूठ जास्त आवळू नका, नळ पूर्ण उघडून मिनिटभर वाहू द्या.