अपघातानंतर दुसऱ्या दिवशी मान आखडली तर काय करावं

गाडीला मागून धडक बसते, बंपर जातो, आपल्याला कुठे लागलेलं दिसत नाही, म्हणून माणूस घरी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलवत नाही. ठाण्यात फिजिओथेरपी करताना घोडबंदर रोडवरच्या आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या अशा माना मी सतत पाहते. धडकेच्या क्षणी शरीरात अ‍ॅड्रेनलीन वाढतं आणि दुखणं काही तास झाकलं जातं. मानेला मागे-पुढे हिसका बसून स्नायू ताणलेले असतात, त्यांची सूज चढायला बारा तासांपासून दोन-तीन दिवसही लागतात. उशिरा आलेलं दुखणं खरंच असतं. घरच्यांनी ‘काल तर बरी होतीस’ म्हणणं बंद करावं.

आधी धोक्याच्या खुणा तपासा. हातापायांत मुंग्या, बधिरपणा किंवा ताकद कमी वाटणं, मान डावी-उजवीकडे साधारण ४५ अंशही न वळणं, वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, दम लागणं, सीटबेल्टच्या वळाखाली पोट दुखणं, लघवीवरचा ताबा जाणं. यातलं एक जरी असलं तरी व्यायाम नाही, शेक नाही, मान स्थिर ठेवून १०८ ला फोन. वय ६५ च्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काही दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा माणसांच्या मेंदूभोवती हळूहळू रक्त साचत राहू शकतं आणि ते कधीकधी काही आठवड्यांनी लक्षात येतं.

बाकीच्यांनीही पहिल्या दिवशीच तपासून घ्यावं आणि केसपेपरवर ‘वाहन अपघात’ असंच लिहून घ्यावं. ठाण्यात जिल्हा रुग्णालय आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं मनपा रुग्णालय. २०२५ पासून केंद्राच्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत मिळतात. त्याची चौकशी दाखल होतानाच करा. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज करण्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. त्या वेळी पहिल्या दिवसाचा कागद हाताशी असावा.

पहिले दोन दिवस बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गोळी डॉक्टर सांगतील तीच.

आता खरी अवघड पायरी, तिसऱ्या दिवसापासून पुढचे दोन आठवडे. एक्स-रे नॉर्मल आलेला असतो, आणि दुखणं मात्र वाढलेलं. एक्स-रेत हाडं दिसतात. ताणलेले स्नायू दिसत नाहीत. इथे माणसं घाबरतात आणि तीन गोष्टी करतात: मेडिकलमधून मानेचा पट्टा आणतात, गादीवर पडून राहतात, नाहीतर मालिशवाल्याकडे जाऊन मान ‘मोडून’ घेतात. तिन्ही मला मान्य नाहीत. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितला नसेल तर पट्टा कपाटात ठेवा. तो दिवसेंदिवस घातला की स्नायू आळशी होतात आणि मान जास्तच आखडते. आणि ताज्या मुक्या मारावर कुणालाही झटका देऊ देऊ नका. शेजारच्या काकांना त्याने बरं वाटलं असेल, तरीही नाही.

मान हलवायची. कापूरबावडीला माझ्याच गाडीला मागून टेम्पोने ठोकलं, तेव्हा वर्षानुवर्षं लोकांना शिकवलेला हा व्यायाम करायला माझंही धैर्य होईना. मान वळवायला घेतली की खांद्यापर्यंत कळ जायची आणि श्वास आपोआप रोखला जायचा. तो रोखलेला श्वासच आधी सोडवावा लागतो. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत पाठ टेकून बसा, हात मांडीवर, खांदे सैल. श्वास सोडत हनुवटी हळूहळू उजव्या खांद्याकडे न्या. शर्टाची खांद्यावरची शिवण दिसते का बघा. ताण जाणवला की तिथेच थांबा, दोन श्वास घ्या, मध्ये या, मग डावीकडे. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा, जागेपणी दर एक-दोन तासांनी. व्यायामाने दुखणं थोडं वाढून अर्ध्या तासात पूर्ववत झालं तर योग्य चाललंय. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी वळण कमी करा, पण बंद करू नका. आणि हातात मुंग्या आल्या तर तिथेच थांबा, मान स्थिर ठेवून १०८ ला फोन.

एकदम दहा मिनिटं घाम गाळून दिवसभर मोबाइलवर मान घालून बसणाऱ्यांना हे लागू पडत नाही. थोडं थोडं, पण दिवसभर. आंघोळीच्या गरम पाण्यानंतर मान जास्त वळते, ती वेळ चुकवू नका.

झोपताना एकच उशी, पोटावर झोपणं बंद. ऑफिसला जायला लवकर सुरुवात करा, पण तिथे दर अर्ध्या तासाला खुर्चीतून उठा. लोकलच्या गर्दीत पहिला आठवडा शक्यतो नको.

गाडी कधी चालवायची, याचं उत्तर दिवसांत नसतं. उभ्या गाडीत बसून खांद्यावरून मागची खिडकी दोन्ही बाजूंना सहज दिसली पाहिजे; घोडबंदरला सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यावर घुसताना तेवढं वळावंच लागतं. त्याआधी हेडरेस्ट वर करा. त्याचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या बरोबरीला आणि डोक्याच्या जितका जवळ येईल तितका. बहुतेक गाड्यांत मला तो मानेपाशी खाली दाबलेला दिसतो.

बहुतेक माना काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत सुटतात. दीड महिन्यानंतरही सुधारणा जाणवत नसेल, झोप लागत नसेल किंवा गाडीत बसताच छातीत धडधडत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि ती धडधडही सांगा. तिच्यावरही उपचार आहेत.